लेकीचा मान आणि लेकीची जमीन: इग्बो घरातला हिशोब

आग्नेय नायजेरियातल्या इग्बो गावात एखादा म्हातारा माणूस वारला की अंत्यविधीला त्या कुळाच्या लेकी येतात. सासरी नांदणाऱ्या, लेगोसला बिऱ्हाड थाटलेल्या, विधवा झालेल्या, नवरा सोडून आलेल्या, सगळ्या. एका ताग्यातून कापल्यासारखे सारखे कपडे, सोबत वळकट्या. त्यांच्या या गटाला 'उमुआदा' म्हणतात, म्हणजे कुळाच्या मुली. इग्बो आठवडा चार दिवसांचा असतो (एके, ओरिये, आफो, न्क्वो हे चार बाजारवार). बऱ्याच गावांत उमुआदा तो पूर्ण आठवडा मृताच्या घरी तळ ठोकतात. घरच्यांनी त्यांना बकरा, तांदूळ, याम (आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद) आणि पेयं पुरवायची. कमी पडलं तर बोलणी खायची. भावांनी म्हाताऱ्या आईला नीट सांभाळलं नव्हतं असं निघालं, तर उमुआदा दंड लावतात आणि तो भरेपर्यंत दफन अडवून धरतात. गावात एरवी ताठ मानेनं फिरणारे पुरुष तेव्हा बहिणींपुढे गयावया करताना दिसतात.

विधी उरकतात, वळकट्या गुंडाळल्या जातात, आणि पुढे कधीतरी 'उमुन्ना', म्हणजे त्याच कुळातले पुरुष, जमिनीच्या वाटणीला बसतात. त्या बैठकीत लेकींचं नाव निघत नाही.

इग्बो घरात मुलीला काय किंमत आहे, याचं उत्तर हवं असेल तर ही दोन्ही दृश्यं एकदम डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. मान आणि मालकी ही तिथे दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यात कितीही जमा असली तरी ती दुसऱ्यात वळती होत नाही.

ओबी कोणाचा?

इग्बो हा हौसा आणि योरुबा यांच्याबरोबरीनं नायजेरियातल्या सर्वांत मोठ्या समाजांपैकी एक. अबिया, अनांब्रा, एबोन्यी, एनुगु आणि इमो ही पाच राज्यं त्यांची मुख्य भूमी. डेल्टा आणि रिव्हर्स राज्यांतही बरीच वस्ती. बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, पण जमीन, लग्न आणि मयत या तीन गोष्टी चर्चइतक्याच 'ओमेनाला'नं, म्हणजे गावच्या रूढीनं चालतात. आणि रूढी गावागणिक बदलते. खाली जे येईल ते बहुतेक ठिकाणचं आहे, सगळीकडचं नव्हे.

घराच्या मध्यभागी असतो 'ओबी', बापाची मुख्य वास्तू. पाहुणा तिथेच येतो आणि कोला नट (पाहुण्याला मानानं दिलं जाणारं कडवट बी) तिथेच फोडला जातो. (कोला फोडणं हे पुरुषाचंच काम. घरात कुलगुरू पदावरची बाई बसली असली तरी फोडणार तिचा धाकटा भाऊ किंवा शेजारचा पोरगा.) बाप गेल्यावर ओबी आणि तो ज्या जागेवर उभा आहे ती जागा थोरल्या मुलाकडे जाते. त्याला 'ओक्पारा' किंवा 'दिओक्पारा' म्हणतात. थोरल्या मुलीला 'आदा' म्हणतात. धाकट्या भावंडांवर तिचा दरारा असतो आणि लग्नकार्यात तिचा सल्ला घेतात, पण ओबी तिचा होत नाही.

उरलेली जमीन मुलग्यांत वाटली जाते, आणि इथे एक बारकावा आहे जो बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बापाला एकापेक्षा जास्त बायका असतील, तर अनेक गावांत वाटणी डोक्यांवर होत नाही, 'म्क्पुके'वर होते. म्क्पुके म्हणजे प्रत्येक बायकोची वेगळी खोली आणि वेगळी चूल. समजा बापाला दोन बायका आहेत. पहिलीला एक मुलगा, दुसरीला चार. चुली दोन, म्हणून जमिनीचे भाग दोन. पहिलीच्या एकुलत्या एकाला अर्धी जमीन, आणि दुसरीच्या चौघांना प्रत्येकी एक अष्टमांश. आता पहिलीला मुलगा नसून तीन मुलीच आहेत असं समजा. तिच्या चुलीचा भाग शून्य. नवरा गेल्यावर ती त्या आवारात राहते ती सवतीच्या मुलांच्या मर्जीवर.

म्हणून इग्बो समाजातला मुलाचा हट्ट नुसता बापाचा अहंकार नाही. मुलगा हा आईच्या पायाखालच्या जमिनीचा कागद आहे. मुलगा व्हावा म्हणून सर्वांत जास्त जीव आईचाच टांगणीला लागतो, तो याच कारणानं. आणि म्हणूनच 'बायकांनीच बायकांची मानसिकता बदलावी' हा उपदेश तिथे पोकळ ठरतो. आधी म्क्पुकेचा हिशोब बदलावा लागेल.

मुलीला वाटा न देण्यामागचं रूढीचं तर्कशास्त्र सरळ आहे. एका उमुन्नातल्या मुलामुलीचं आपसात लग्न होत नाही, मुलगी बाहेर दिली जाते. तिच्या नावावर जमीन गेली की पुढच्या पिढीत ती दुसऱ्या कुळाची होते. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. पण 'परक्याचं धन' हा शब्द इग्बो लेकीला लावता येत नाही. लग्नानंतरही ती मरेपर्यंत उमुआदाची सदस्य राहते. तिच्या मुलांना आजोळी खास मान असतो, आणि बापाच्या गावात संकट आलं तर ती आजोळच्या आश्रयाला जाऊ शकतात.

नावांतही हा दुहेरी सूर ऐकू येतो. 'न्नेका' म्हणजे आई श्रेष्ठ. 'न्नेन्ना' म्हणजे बापाची आई. आजीच परत आली या श्रद्धेनं ठेवलेलं नाव. 'न्वान्यीबुइफे' म्हणजे 'मुलगीसुद्धा काहीतरी आहेच'. त्यातल्या 'सुद्धा'त सगळं आलं. मुलग्यांची नावं बघा: 'अहामेफुला', माझं नाव बुडू नये, 'ओबिएचिना', ओबी बंद पडू नये. असं नाव मुलीचं सहसा नसतं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. मुलग्याची ओढ म्हटली की मराठी वाचकाला सोनोग्राफी आणि गर्भपात आठवतात. इग्बो समाजात ही ओढ त्या वाटेनं फारशी गेली नाही. तिथे ती दिसते ती मुलगा होईपर्यंत चालणाऱ्या बाळंतपणांत, दुसऱ्या बायकोत, आणि चार मुलींच्या आईला सासरी ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांत. जन्मलेली मुलगी खर्चाची बाब मानली जात नाही, कारण लग्नात पैसा उलट दिशेनं वाहतो.

काड्या मोजून ठरणारी रक्कम

लग्नाची सुरुवात दार ठोठावण्यानं होते, 'इकु आका'. मुलाकडचे दारू आणि कोला घेऊन येतात, विचारणा करतात. मग दोन्हीकडून घराण्याची चौकशी. नंतर 'इमे एगो', वधूमूल्याची बोलणी. ही बोलणी अनेक ठिकाणी आकडा न उच्चारता होतात. मुलीकडचे झाडूच्या काड्यांची एक जुडी पुढे सरकवतात, मुलाकडचे बाहेर जाऊन खल करतात आणि काही काड्या काढून जुडी परत देतात. असं दोनतीनदा झालं की आकडा ठरतो. मुलगी काही बाजारातली वस्तू नाही, तिचा भाव तोंडानं बोलू नये, ही त्यामागची भावना. ठरलेली रक्कमही अनेक बाप पूर्ण घेत नाहीत. थोडी ठेवून बाकी परत देतात, त्याच कारणासाठी.

खरा भुर्दंड असतो यादीचा. मुलीच्या बापाला काय, आईला काय, उमुन्नाला किती याम, उमुआदाला किती कापड, गावच्या तरुणांना किती बिअर. इमो राज्यातल्या म्बाइसेची यादी लांबीसाठी प्रसिद्ध आहे. नायजेरियाच्या तेव्हाच्या पूर्व विभागाच्या सरकारनं 1956 साली कायदा करून वधूमूल्यावर 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली होती. रूढीनं ती कधीच मनावर घेतली नाही. शेवटी 'इग्बा न्क्वू': वधू हातात ताडीचा पेला घेऊन गर्दीत नवऱ्याला शोधते, गुडघे टेकून त्याला पेला देते, आणि लग्न झालं.

या पैशानं नवऱ्याच्या कुळाला नेमकं काय मिळतं? मुलांवरचा हक्क. वधूमूल्य दिलेल्या बायकोची मुलं त्या कुळाची; अविवाहित मुलीची मुलं तिच्या बापाच्या कुळाची. रूढीप्रमाणे काडीमोड पक्का होतो तो वधूमूल्य परत केल्यावर. आणि जिचं वधूमूल्य दिलंच नव्हतं अशी बाई वारली, तर तिच्या माहेरचे लोक आधी तो हिशोब पुरा करायला लावतात आणि मगच मातीला परवानगी देतात.

मुलगाच नसेल तर

इथे रूढीनं काढलेल्या पळवाटा पाहण्यासारख्या आहेत. त्यांतल्या दोन थेट मुलीला, बाईला 'पुरुष' बनवतात.

पहिली 'न्राची', प्रामुख्यानं अनांब्रा भागातली. मुलगा नसलेला बाप उमुन्नाला बोलावून विधी करतो आणि एका मुलीला घरीच ठेवतो. तिनं लग्न करायचं नाही. तिला होणारी मुलं, कोणापासूनही झालेली असोत, आजोबाच्या नावानं वाढतात. त्यांतला मुलगा ओबी चालवतो. तोवर मालमत्ता तिच्या ताब्यात. वरवर पाहता मुलीला वारसा मिळाला. पण तिचं लग्न गेलं, तिच्या मुलांना बाप नाही, आणि तिलाही मुलीच झाल्या तर प्रश्न जिथल्या तिथे. एनुगुच्या अपील न्यायालयानं 2000 साली म्वोजेक्वू विरुद्ध एजिकेमे खटल्यात ही प्रथा न्यायविरोधी ठरवली: मुलगी ही मुलगी म्हणूनच वारस आहे, त्यासाठी तिला न्राचीच्या विधीतून जावं लागू नये.

दुसरी वाट म्हणजे बाईनं बाईशी लग्न करणं. मूलबाळ नसलेली किंवा मुलगा नसलेली बाई, बहुधा विधवा, स्वतः वधूमूल्य भरून एक मुलगी घरात आणते. त्या मुलीला होणारी मुलं या बाईच्या नवऱ्याच्या घराण्यात मोजली जातात. दोघींत शरीरसंबंध नसतो. व्यवहार कुळाच्या नावाचा आहे. 1976 साली मेरिबे विरुद्ध एग्वू खटल्यात नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं याकडे 'बाईनं आपल्या नवऱ्यासाठी बायको आणली' अशा नजरेनं पाहिलं आणि ते लग्न वैध धरलं. पैसेवाल्या बाईला या प्रथेत खरी सत्ता मिळते. आणलेल्या मुलीचं काय होतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

तिसरी वाट सर्वांत साधी आणि सर्वांत कठोर: न्नेवी भागातला 'ओली-एक्पे'. मुलगा नसेल तर मृताचा भाऊ, भाऊ नसेल तर पुतण्या, सगळं घेतो. विधवा आणि मुली त्याच्या आश्रित.

कोर्ट काय म्हणालं, आणि काय म्हणालं नाही

ओली-एक्पेवर पहिला मोठा घाव 1997 चा. म्वोजेक्वू विरुद्ध म्वोजेक्वू खटल्यात अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती निकी टोबी यांनी ही रूढी न्यायबुद्धीला न पटणारी म्हणून फेटाळली. पण 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल कायम ठेवूनही टोबींची ती टिप्पणी मान्य केली नाही. ज्या मुद्द्यावर पक्षकारांनी वादच घातला नाही त्यावर न्यायालयानं आपणहून रूढी रद्द करू नये, असा त्याचा अर्थ. दहा वर्षं गोष्ट लोंबकळत राहिली.

मग 2014. लॅझारस उकेजे नावाचे गृहस्थ 1981 साली लेगोसमध्ये मृत्युपत्र न करता वारले. पत्नी आणि मुलानं 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मालमत्ता सांभाळण्याचा न्यायालयीन अधिकार, मिळवला. ग्लॅडिस आदा उकेजे यांनी दावा लावला: मीही त्यांची मुलगी आहे. विरुद्ध पक्षानं तेही नाकारलं. जन्मदाखला आणि कौटुंबिक छायाचित्रं पुराव्यात आली. तिन्ही न्यायालयांत ग्लॅडिस जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मुलीला बापाच्या मालमत्तेतून वगळणारी इग्बो रूढी 1999 च्या राज्यघटनेच्या कलम 42 च्या विरोधात आहे. जन्माच्या परिस्थितीवरून कोणत्याही नागरिकाला हक्कापासून वंचित ठेवता येत नाही, असं ते कलम म्हणतं. त्याच वर्षी आनेक्वे विरुद्ध न्वेके खटल्यात, मुलगा नाही म्हणून घराबाहेर काढल्या जाणाऱ्या आवका इथल्या विधवेच्या बाजूनंही निकाल लागला.

उकेजे निकाल दर काही वर्षांनी 'आजच लागला' म्हणून फिरवला जातो, आणि गावात लगेच भांडणं जुंपतात. म्हणून नेमकं समजून घ्यावं. पहिली गोष्ट, हा निकाल आपोआप कोणाच्या सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. तिथे सातबाराच नाही. गावच्या वडिलोपार्जित जमिनीचा बराचसा भाग नोंदणीशिवाय, उमुन्नाच्या स्मरणावर चालतो. दुसरी, हक्क बजावायचा तर भावावर दावा लावावा लागतो. बापाच्या मृत्यूपासून शेवटच्या निकालापर्यंत उकेजे प्रकरणात 33 वर्षं गेली. तिसरी, दावा लावणारी मुलगी जमीन जिंकते आणि माहेर हरते. उद्या सासरी मार पडला तर उमुआदा तिच्यामागे उभ्या राहतील का, ही तिची खरी भीती असते. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या आपल्याकडच्या बहिणींना हा पेच समजावून सांगावा लागणार नाही.

रिव्हर्स राज्यानं 2022 मध्ये कुटुंबाच्या मालमत्तेत बायकांचा वाटा कायद्यानंच मान्य केला. त्यामुळे निदान कोर्टात रूढी बेकायदा ठरवण्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

जी लेक, तीच सून

वर उमुआदाची एवढी ताकद सांगितली, ती कोणावर चालते हेही पाहायला हवं. माहेरी ती भावजयांवर चालते. नवरा गेल्यावर विधवेला सुतकात कसं बसवायचं, केस भादरायचे का, किती दिवस काळे किंवा पांढरे कपडे, हे बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या बहिणी ठरवतात. प्रेत धुतलेलं पाणी विधवेला प्यायला लावून 'नवऱ्याला तू मारलं नाहीस हे सिद्ध कर' म्हणण्याचे प्रकारही नोंदले गेले आहेत. एनुगु राज्यानं 2001 साली विधवा-विधुरांच्या मूलभूत हक्कांचा खास कायदा करून अशा सक्तीला बंदी घातली, आणि 2015 च्या व्यक्तींवरील हिंसाचारविरोधी केंद्रीय कायद्यातही विधवांवरच्या जाचक प्रथा गुन्हा ठरल्या. पण दंड उमुआदानं लावलेला असतो आणि तक्रार करणारी त्यांच्याच आवारात राहत असते. आजची ही विधवा पुढच्या महिन्यात स्वतःच्या माहेरी उमुआदा म्हणून जाते आणि दुसऱ्या कोणाच्या सुतकाचे दिवस मोजते. बाईची सत्ता ती कोणत्या गावच्या अंगणात उभी आहे यावर ठरते.

संघटित बायकांच्या या सत्तेला राजकीय धारही होती. 1929 च्या नोव्हेंबरात ओलोको गावात न्वान्येरुवा ही विधवा पामचं तेल काढत बसली होती. वसाहती मुखियाचा माणूस तिच्या घरची माणसं आणि जनावरं मोजायला आला. तिला वाटलं, आता बायकांवरही कर. तिनं उलट विचारलं, 'तुझ्या आईला मोजलं होतं का?' काही आठवड्यांत हजारो बायका मुखियांच्या दारांत 'बसल्या'. हे 'पुरुषावर बसणं' म्हणजे रात्रंदिवस त्याच्या घरापुढे नाचून, त्याची निंदा करणारी गाणी म्हणून त्याला नमवण्याची जुनी रीत. सैनिकांच्या गोळीबारात 50 हून अधिक बायका मेल्या. अनेक मुखियांना पद सोडावं लागलं. इंग्रजांनी मात्र आधीपासूनच सत्तेची जवळजवळ सगळी पदं पुरुषांना दिली होती, आणि बायकांच्या सभांना त्यांच्या कारभारात जागाच नव्हती.

सगळीकडे बापाकडूनच वारसा जातो असंही नाही. अबियातल्या ओहाफियात आणि एबोन्यीतल्या आफिक्पोत शेतजमिनीचा मोठा भाग आईच्या कुळाकडून, 'इक्वू'कडून येतो. तिथे मुलगी झाली नाही तर कुळ खुंटतं.

शाळा मुलीची, भांडवल मुलाचं

शिक्षणात इग्बो मुली मागे नाहीत. अनेक घरांत भावांपेक्षा जास्त शिकलेल्या त्याच असतात. जागतिक व्यापार संघटनेच्या 2021 पासूनच्या महासंचालक न्गोझी ओकोन्जो-इवेआला डेल्टातल्या इग्बो घरातल्या. पण यामागे समतेइतकंच बाजाराचं गणित आहे. मुलगा चौदा-पंधराचा झाला की 'इग्बा बोइ'ला, म्हणजे व्यापाऱ्याकडे उमेदवारीला जातो. पाच ते सात वर्षं पगाराविना काम, आणि शेवटी मालक त्याला दुकान टाकायला भांडवल देतो. 1967 ते 1970 च्या बिआफ्रा युद्धात (इग्बो भूमीच्या फुटून निघण्यावरून झालेल्या यादवीत) सगळं गमावलेला समाज या साखळीवर पुन्हा उभा राहिला. मुलीला या साखळीत सहसा घेत नाहीत. ती शिवणकाम किंवा केशरचना शिकते तेव्हा उलट तिनंच शिकवणाऱ्याला फी द्यायची. म्हणून तिला शाळेत ठेवतात. परिणामी तिच्या हाती पदवी आणि पगार येतो, भावाच्या हाती दुकान आणि जमीन.

या पगारातूनच आता वाट निघते आहे, कोर्टाच्या निकालाइतका गाजावाजा न होता. शहाण्या बापांची पद्धत साधारण अशी: मृत्यूपर्यंत थांबायचं नाही. एनुगु, आसाबा किंवा लेगोसमधला प्लॉट जिवंतपणीच बक्षीसपत्रानं मुलीच्या नावे करायचा. सर्व्हे प्लॅन तिच्या नावाचा काढायचा, नोंदणी करायची. गावची जमीन द्यायची असेल तर उमुन्नाला कोला आणि ताडी देऊन सर्वांसमोर सांगायचं, आणि दिओक्पाराची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. तोंडी दिलेलं वचन बापाबरोबर पुरलं जातं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आणि मुलीनं स्वतःच्या पगारातून गावात जागा घेतली तर ती भावाच्या नावावर कधीही घ्यायची नाही. 'सोयीसाठी' म्हणून भावाच्या नावे घेतलेली जागा वीस वर्षांनी त्याच्या मुलांची निघते, आणि पैसे बहिणीनं दिले होते हे सांगायला कोणी उरलेलं नसतं.

असा सगळा विचार करून कागद करणारा बापही एक गोष्ट मुलीला देत नाही. ओबी थोरल्या मुलाच्याच नावे राहतो, आणि बहुतेक मुली तो मागतही नाहीत.